कॅम्पवरून आलेली मुलगी

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. मे महिन्यात मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर सहा दिवसांच्या कॅम्पला पाचगणीला गेली होती. आल्यापासून गप्प असते, मध्येच रडते. "लहानपणी दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, मला पाण्यात बुडवून घ्यायचाय," म्हणते. मामेबहिणीच्या हळदीला जायला तिनं साफ नकार दिला. दहावीनंतर बायबल कॉलेजला जाणार, मग गणिताचा क्लास कशाला, असंही चाललंय. वडील म्हणतात, पोरीचं डोकं कुणीतरी फिरवलंय. आजी म्हणते, देवानं बोलावलंय. कुणाचं खरं धरायचं, आणि पुढच्या वर्षी तिला पाठवायचं की नाही?

ताई, आधी मला एवढंच सांगा: घरी आल्यापासून ती नीट झोपली का?

प्रश्न टाळत नाहीये मी. बावीस उन्हाळे मी अशा कॅम्पांत मुलींच्या राहण्याची बाजू सांभाळली. व्यासपीठावर कधी गेले नाही. खोल्यांच्या चाव्या, औषधांचा डबा, बंबाचं पाणी आणि रात्रीची फेरी, एवढंच माझं खातं. वक्त्यांना मुली दिसतात त्या आंघोळ करून, वेणी घालून, वही-पेन घेऊन बसलेल्या. मला दिसतात त्या रात्री दीड वाजता कॉटवर पाय हलवत कुजबुजणाऱ्या. तुमच्या मुलीचा आठवडा मी पाहिलेला नाही, पण त्याची घडी मला पाठ आहे.

सोमवारी गाडी वाई सोडून पसरणी घाटाला लागली की निम्म्या पोरी गप्प होतात आणि दोन-चार जणी उलट्या करतात. वर पोचल्यावर नावनोंदणी, चहा-बिस्किटं, आणि मोबाईल जमा. मोबाईल नावाच्या चिठ्ठीसह कापडी पिशवीत जातो तेव्हा काही मुलींचा चेहरा असा होतो की जणू दागिना काढून घेतला. मग गट पाडतात, आणि ते मुद्दाम मैत्रिणी फोडून पाडतात. सोलापूरची मुलगी नगरच्या, कोल्हापूरच्या, मुंबईच्या मुलींत जाते. पहिल्या रात्री कुणी रडत नाही, सगळं नवं असतं. रडतात दुसऱ्या रात्री, आणि रडणारी बहुतेक वेळा तीच असते जी दिवसभर सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. मी तिच्याशी आईबद्दल बोलत नाही. तिला स्वयंपाकघरात नेते, कपभर गरम दूध देते आणि उद्याच्या पोह्यांसाठी कांदे सोलायला बसवते. चार कांद्यांत काम होतं. रडायला कारणही मिळतं.

साडेपाचला घंटा. चाळीस मुली, चार न्हाणीघरं, एक बंब. मे महिन्यात वर पाण्याची ओढाताण असते, जिथं पावसाळ्यात छत्र्या टिकत नाहीत तिथंच उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यातच पाळी. प्रवास, दमणूक, बदललेलं पाणी, यामुळे कुणाची आधी येते, कुणाची लांबते. एखादीची तर आयुष्यातली पहिलीच तिथं येते. हे सगळं आटोपून साडेसहाला 'शांत वेळ'. प्रत्येकीनं आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, आणि वही घेऊन सिल्व्हर ओकच्या झाडांखाली लांब लांब बसायचं, अर्धा तास, कुणाशी न बोलता.

या अर्ध्या तासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते कॅम्पमध्ये जे काही घडतं त्याचं मूळ भाषणांपेक्षा इथं जास्त आहे. आपल्या घरांत पंधरा वर्षांच्या मुलीला एकटीला शांत बसायला जागा कुठं असते? दोन खोल्या, टीव्ही, आजीची औषधं, भावाचा डबा, "अगं जरा गॅस बंद कर", क्लास, शाळा. एकटं राहायला मिळतं ते फक्त संडासात, आणि तिथंही बाहेरून कडी वाजते. अशी मुलगी अचानक थंड हवेत झाडाखाली बसते. तिला कुणी हाक मारत नाही, हातात मोबाईल नाही. पहिल्या दिवशी ती मुंग्या मोजते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे बघून हसते. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःच्या मनातलं ऐकू यायला लागतं. काहींना ते पहिल्यांदाच ऐकू येतं, आणि त्या घाबरतात. तुमची मुलगी घरी येऊन गप्प आहे, त्याचा एक अर्थ असाही असू शकतो की तो आवाज अजून चालू आहे आणि घरी बसायला झाड नाही.

बाकीचा दिवस तुम्हाला माहीत असेल: गाणी, वचनांचं पाठांतर, गटचर्चा, ताट घासायची पाळी, संध्याकाळी खो-खो, एक दिवस टेबल लँडवर फेरी. रात्री सभा. दिवे साडेदहाला जातात आणि बोलणी एकपर्यंत चालतात. मी फेरी मारते, "आता पुरे गं" म्हणते, पाठ वळली की पुन्हा सुरू. कबूल करते, नेहमी फार जोर करत नाही. ती कुजबूजही कॅम्पच असतो.

पण हिशोब बघा. सोमवार ते गुरुवार, चार रात्री, रोज साडेचार तास झोप धरा. एरवी ती आठ तास झोपत असेल, तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चौदा तासांची झोप बुडालेली असते. आणि शेवटची मोठी सभा नेमकी शुक्रवारी रात्री.

शेकोटी पेटते. जुनी माणसं असतील तर पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं होतात, नवी पोरं असतील तर गिटार, कीबोर्ड आणि हिंदी गाणी. वक्ता तरुण असतो, बोलायला चांगला असतो. मुली कागदावर आपली पापं, आपली दुःखं लिहून आगीत टाकतात. मग सूर खाली येतो, डोळे मिटायला सांगतात, ज्यांना प्रभूला जीवन द्यायचंय त्यांनी हात वर करा, पुढं या. एक रडली की दहा रडतात. उद्या या सगळ्या मैत्रिणी दुरावणार, हेही त्याच रडण्यात मिसळलेलं असतं.

तर हे खोटं का? तुमच्या यजमानांना वाटतं तसं 'डोकं फिरवणं' का? मी तसं म्हणणार नाही. १९०५ च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायका रात्र रात्र रडून, मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, घरानं टाकलेल्या होत्या. तेव्हाही लोकांनी नावं ठेवली. रमाबाईंनी ते रडणं दाबलं नाही. पण त्या मुलींच्या हातातलं कामही सुटलं नाही. मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथंच, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. त्या भाषांतरावर त्या १९२२ साली देह ठेवीपर्यंत काम करत होत्या. रडणं एका रात्रीचं असतं, छापखान्याचे खिळे जुळवायला वर्षं लागतात. मी दोन्हींना मान देते, पण मुलगी कुठं पोचली हे मी दुसऱ्यावरून ठरवते.

इथं माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत कॅम्पचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी रात्री वर आलेले हात मीच मोजले आणि लिहून टाकलं: ४६ मुलींचं समर्पण. मंडळीत वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. दोन वर्षांनी त्यांतलीच एक मुलगी पुन्हा पुढं आली. मी विचारलं, "अगं, तुझं तर झालं होतं ना?" ती म्हणाली, "मागचं टिकलं नाही बाई. पावसाळ्यापर्यंतच राहिलं." तिला वाटत होतं तिच्यातच काहीतरी खोट आहे. मला शरम वाटली. त्यानंतर मी हट्ट धरला की प्रभूला जीवन दिल्याच्या निर्णयाची कार्डं रात्री भरून घ्यायची नाहीत. रात्री रडा, प्रार्थना करा, झोपा, आणि शनिवारी सकाळी उपमा खाऊन ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा. कार्डं कमी येऊ लागली. एका आयोजकांना ते अजिबात आवडलं नाही. मी त्यांना बायबलमधली शमुवेलाची गोष्ट सांगितली. पोरगा रात्री हाक ऐकून तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावत गेला, आणि एलीनं तिन्ही वेळा त्याला परत झोपायला पाठवलं. तिसऱ्यांदा कुठं एलीला कळलं की हाक देवाची आहे, तरीही म्हणाला, जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर उत्तर दे.

म्हणून झोपेचं विचारलं. पहिले आठ-दहा दिवस तिला पोटभर झोपू द्या, गरम जेवण द्या, आणि तिच्या कुठल्याच घोषणेवर निकाल देऊ नका. थट्टा तर मुळीच नको. "आली मोठी संतीण" असं एखादा काका जेवताना म्हणतो आणि मुलगी पुढची दोन वर्षं त्या काकासमोर तोंड उघडत नाही. उलट टोकही तितकंच वाईट. कॅम्पनंतरच्या रविवारी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) मुलांना पुढं बोलावून आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला लावतात. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलू दे. पण आजीनं कौतुकानं ढकलू नये. मंडळीसमोर एकदा बोलून बसली की ते खरं करून दाखवायचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर बसतं, आणि मग शंका आली तरी ती बोलून दाखवत नाही.

आता मध्येच रडण्याबद्दल. हे जरा जपून वाचा.

बहुतेक वेळा ती ओढ असते. मैत्रिणींची, त्या झाडांची, गटाच्या कॉलेजातल्या ताईची. पंधरवड्यात ओसरते. पण त्या शेकोटीपाशी, अंधारात, मुली जे बोलतात ते सगळं देवाबद्दल नसतं. वडिलांचं पिणं निघतं. कुणा मुलाकडे गेलेला फोटो निघतो. नात्यातल्या माणसाचा हात निघतो. "माझी पापं" म्हणून कागदावर लिहिलेली गोष्ट पुष्कळदा दुसऱ्यानं तिच्यावर केलेलं पाप असते, आणि ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. असं काही ऐकल्यावर "आपण प्रार्थना करू, कुणाला सांगायचं नाही" म्हणणारे चांगले, भाविक लोक मी पाहिले आहेत. ते चुकतात. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्यातून पाळक सुटत नाहीत, कॅम्पची ताई सुटत नाही, आणि आईही सुटत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

तुमच्या घरी तसंच काही आहे असं मी म्हणत नाही. पण जागा ठेवा. समोर बसवून "काय झालं सांग" म्हणू नका. मेथी निवडायला घेऊन बसा. हात कामात, नजर भाजीत असली की मुली बोलतात. तिची वही वाचू नका, कितीही हात शिवशिवला तरी. तिच्या गटाच्या ताईला मात्र फोन करा, आणि "माझ्या मुलीनं काय सांगितलं" असं न विचारता "आई म्हणून मला कळायलाच हवं असं काही आहे का" एवढंच विचारा. चांगली ताई असेल तर तिला फरक कळेल. तीन-चार आठवड्यांनीही झोप नाही, जेवण तुटलं, शाळा नको, हातावर ओरखडे दिसले, तर पाळकांच्या आधी डॉक्टर. प्रार्थना दवाखान्याच्या बाकावर बसूनही करता येते.

बाप्तिस्म्याचं पाहू. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, दर वर्षी पाच-सात मुली तो घेऊन घरी येतात आणि घरोघरी भांडणं होतात. कारण सोपं आहे. कॅम्पमध्ये मुलं सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची), मेथॉडिस्टांची येतात, जिथं तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, आणि वक्ता पुष्कळदा अशा मंडळीतला असतो जिथं कळत्या वयात, पाण्यात बुडवूनच देतात. त्याला जे खरं वाटतं ते तो सांगतो. ऐकणाऱ्या पोरीला वाटतं, म्हणजे माझ्या आईबापांनी मला फसवलं. तिला सांगा की हा वाद मोठमोठ्या माणसांनाही मिटवता आलेला नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं केलं, त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही होते आणि कळत्या वयातच देणारे बॅप्टिस्टही. एकानं दुसऱ्याला खोटं ठरवलं असतं तर ते जुळलंच नसतं. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या.

त्यापुढची गोष्ट ही की आपल्या जुन्या मंडळ्यांत आईबापांनी बाळाच्या वतीनं दिलेलं वचन मूल स्वतःच्या तोंडानं घेतं, ते दृढीकरणाच्या वेळी. तुमच्या मुलीचं वय नेमकं तेच आहे. तिचा उत्साह तिकडे वळवा. वर्ग मन लावून घेणारे पाळक असतील तर तिला हवं ते सगळं तिथं मिळेल, प्रश्न विचारायची मुभाही. मात्र एक गोष्ट ठाम धरा: आईवडिलांना न कळवता कुणी नदीवर नेऊन अल्पवयीन मुलीला बाप्तिस्मा देत असेल तर ते बरोबर नाही. ज्याला हे लपवून करावं लागतं त्याच्या घाईत मुलीचं हित नसतं. अठरा पूर्ण झाल्यावर तिला तेच हवं असेल तर तुम्ही टॉवेल घेऊन काठावर उभ्या राहा.

हळद. हसू येतं आणि रागही येतो. वक्त्यांनी "जगाच्या रीती सोडा" म्हटलं असेल आणि यादीत हळद, मेंदी, दिवाळीचा फराळ सगळं आलं असेल. आमच्या नगरकडे ख्रिस्ती घरांत हळद लागत आली आहे, पिढ्यान्पिढ्या, आणि त्याच मांडवात भक्तीची गाणी होत आली आहेत. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. या मातीतलं सगळं टाकून द्यायचं ठरलं तर आधी आपली अर्धी उपासना टाकावी लागेल. हे तिला सांगा, पण हळदीला ओढून नेऊ नका. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या घरानं कशी काढली ते आठवा. एका घरात दोन माणसं दोन चालींनी चालू शकतात, आणि तुम्हाला तर फक्त एका हळदीचा प्रश्न आहे. तिला म्हणा, तू लग्नाच्या उपासनेला ये, हळदीच्या दिवशी घरी आजीजवळ थांब. मामेबहिणीला वाईट वाटेल, तर ते तिनं स्वतः जाऊन बोलावं. दुखावलेल्या माणसाशी बोलणं हाही तिच्या नव्या विश्वासाचाच भाग आहे, हे तिला कॅम्पमध्ये कुणी सांगितलं नसेल कदाचित.

गणिताचा क्लास चालू ठेवा. सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) जायचं असेल तर बी.डी.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीला, बहुतेक ठिकाणी आधी पदवी लागते, आणि मग हिब्रू-ग्रीकचं व्याकरण. बीजगणिताला कंटाळलेल्या मुलीनं हिब्रूची क्रियापदं एकदा बघावीत. देवाचं पाचारण खरं असेल तर ते दहावी, बारावी आणि तीन वर्षांच्या कॉलेजात मरणार नाही. माझ्या कॅम्पमधल्या दोन मुली पुढं खरोखर सेवेत गेल्या. एक शुक्रवारी पुढं आली होती. दुसरी पाचही वर्षं मागच्या रांगेत बसून पेंगायची.

तर यजमानांना सांगा, डोकं फिरलेलं नाही. आणि आजींना सांगा, अजून थोडं थांबू या.

पुढच्या वर्षी पाठवा. त्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: मुलींच्या खोल्यांजवळ रात्री कोण बाई झोपते, वक्ता कोण आहे, मुलीशी एकट्यानं बोलायची वेळ आली तर ते बंद खोलीत होतं की उघड्यावर, मुलगी आजारी पडली तर खाली वाईला न्यायला गाडी आहे का. या प्रश्नांनी जे चिडतील त्यांच्याकडे पाठवू नका. सामानात स्वेटर द्या, कारण मे असला तरी पहाटे वर गार लागतं. टॉर्च द्या, पॅड जास्तीचे द्या, नवे बूट देऊ नका. आणि उलटीची गोळी गाडी वाईला पोचायच्या तासभर आधी घ्यायला सांगा. वाईला चहा प्यायला उतरल्यावर घेतलेली गोळी पाचगणी आल्यावर लागू पडते.